जांभ्याच्या घरात मेश वाय-फाय: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल. तीन नगांचा मेश संच (एकमेकांशी जोडलेले छोटे राउटर, जे एकाच नावाचं वाय-फाय घरभर पसरवतात; त्यातला एक राउटर म्हणजे एक नग) चांगला आहे, पण जांभ्या दगडाच्या घरात नुसता संच आणून ठेवल्यानं भागत नाही. नगांच्या मध्ये केबल ओढल्यावरच त्याचे पैसे वसूल झाले. बजेट तुटपुंजं असेल तर आधी केबल टाका, संच नंतर घ्या.

घराची रचना कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. नेहमीचं कोकणी कौलारू घर: पुढे पत्र्याची पडवी, मग ओटी, माजघर, बाजूला दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, वर लाकडी तक्तपोशीची माडी आणि अंगणापलीकडे एक सुटी खोली. फायबर ओटीवर येतं, प्लॅन २०० एमबीपीएसचा. ऑपरेटरच्या डब्यातल्या (फायबर ज्याला जोडतात तो मोडेम-राउटर) वाय-फायची ताकद ओटीवर उणे ४५ डीबीएम (उण्याचा आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमजोर), माजघरात उणे ६२ आणि स्वयंपाकघरात उणे ८० च्या आसपास. फोनवरचं कुठलंही वाय-फाय ॲनालायझर हे आकडे दाखवतं. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल बिनधास्त चालतो, उणे ७५ च्या पुढे आवाज तुटायला लागतो. दर ३ डीबीला शक्ती निम्मी होते, म्हणून ६२ आणि ८० हे आकडे दिसतात तितके जवळ नाहीत.

भिंती नऊ इंचांच्या, जुन्या भागात त्याहून जाड. जांभा सच्छिद्र असतो, पावसात पाणी धरतो आणि पाणी रेडिओ लहरी शोषतं. बाहेरच्या गिलावा नसलेल्या भिंतीपलीकडे मे महिन्यात जी ताकद मिळत होती, ती ऑगस्टमध्ये काही डीबीनं उतरली. म्हणून कोकणात नगांच्या जागा भर पावसात तपासून पक्क्या कराव्यात. वाय-फायच्या दोन बँडांपैकी ५ गिगाहर्ट्झला या भिंतींचा त्रास जास्त, २.४ ला कमी. लाकूड मात्र फारसं आडवं येत नाही. माडीवर नग ठेवला तर तो तक्तपोशीतून खालच्या दोन खोल्यांना आरामात पुरतो, जे स्लॅबच्या घरात सहसा होत नाही. स्लॅबमध्ये सळयांची जाळी असते.

संच एसी१२०० वर्गाचा, दोन बँडचा, प्रत्येक नगाला केबलसाठी दोन गिगाबिट (१००० एमबीपीएसचे) पोर्ट. खोक्यावरचे १२०० म्हणजे २.४ चे ३०० आणि ५ चे ८६७ यांची वरच्या शंभरात धरलेली बेरीज. एकाच फोनला ती कधीच मिळत नाही. केबल नसताना ५ गिगाहर्ट्झचा एकच रेडिओ फोनशीही बोलतो आणि मागच्या नगाशीही, त्यामुळे प्रत्येक टप्प्याला वेग साधारण निम्मा होतो. पहिल्या नगाजवळ पूर्ण २००, माजघरातल्या नगावर शंभरच्या आतबाहेर, आणि तिथून पुढे स्वयंपाकघरातल्या तिसऱ्या नगावर चाळीस-पन्नास, तेही कोरड्या दिवसांत.

बिनतारी वापरायचंच असेल तर जागेची चूक टाळा. लोक दुसरा नग जिथे रेंज नाही नेमका तिथेच ठेवतात. त्याला स्वतःलाच मागून धड सिग्नल मिळत नाही, मग तो पुढे काय देणार? जिथे पहिल्या नगाची ताकद अजून उणे ६० ते ६५ आहे तिथे दुसरा ठेवायचा. जुन्या घरांत ओटी, माजघर आणि मागलं दार बहुधा एका रेषेत असतात. त्या रेषेतली कोनाड्याच्या उंचीची जागा उत्तम. लोखंडी कपाटाच्या वर किंवा मागे, मोठ्या आरशाशेजारी, फ्रीजच्या आडोशाला नग ठेवू नये. पडवीचा पत्रा लहरी परतवतो, तेव्हा ओटीवरच्या नगाचा वाय-फाय अंगणात अपेक्षेपेक्षा कमीच पोचतो.

आता केबल. कॅट-६, शुद्ध तांब्याची, एका पीसची मागा. दुकानात स्वस्त म्हणून दाखवतात ती बरेचदा ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते. तार ब्लेडनं खरवडून पाहा, आतून पांढरी निघाली तर परत द्या. ती वाकवताना तुटते. केबल तुळईच्या कडेनं, २० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपातूनच न्यावी. कौलारू घरात उंदीर असतातच आणि उघडी केबल ते कुरतडतात. विजेच्या तारांच्या बरोबरीनं लांबवर नेऊ नका, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. बाहेरच्या भिंतीला भोक पाडताना ड्रिलचा उतार बाहेरच्या बाजूला द्या आणि आत शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ ठेवा, म्हणजे पागोळ्यांचं पाणी केबलवरून आत येत नाही. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. एकूण लांबी १०० मीटरच्या आत, घरात तेवढी लागत नाहीच.

केबल जोडली, नग चालू झाला, सगळं छान, पण वेग नेमका ९४ एमबीपीएसच्या आसपास अडकला, तर समजा की जोडणी गिगाबिटऐवजी १०० वर बसली आहे. शंभरला नारिंगी आणि हिरवी अशा दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार क्लिपमध्ये (केबलच्या टोकाचा प्लास्टिकचा प्लग) नीट दाबली गेलेली नसते. टोक कापून नवीन क्लिप मारली की झालं. ऑपरेटरच्या डब्याचा पोर्टच १०० चा असेल तर मात्र क्लिपा बदलून उपयोग नाही. केबलनंतर तिन्ही नगांवर वेग जवळजवळ सारखा, भर पावसातही.

डब्याला ब्रिज मोडवर (म्हणजे राउटरचं काम मेशकडे) टाकून मिळालं तर ठीक, नाही तर मेश ॲक्सेस पॉइंट मोडवर (राउटरचं काम डब्याकडे, मेश फक्त वाय-फाय देतं) ठेवा. राउटर मोडवर तसंच सोडलं तर दोनदा नॅट (घरातल्या आणि बाहेरच्या पत्त्यांची अदलाबदल) होतं. ब्राउझिंगला फरक जाणवत नाही, पण बाहेरून घरचा कॅमेरा पाहणं अडू शकतं, आणि डब्याला जोडलेला प्रिंटर मेशवरच्या फोनला सापडत नाही. ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये ॲपमधली मुलांसाठीची वेळमर्यादा वगैरे सोय जाते, तेवढी तडजोड. डब्याचा स्वतःचा वाय-फाय बंद करायला विसरू नका, फोन त्यालाच चिकटून बसतात.

चिकटण्यावरून आठवलं: कुठल्या नगाला जोडायचं हे शेवटी फोन ठरवतो, मेश फक्त सुचवतं. नवे फोन पटकन सरकतात, जुने मागच्या नगाची उणे ७८ ची रेंज धरून बसतात. मेशच्या ॲपमधलं फास्ट रोमिंग (एका नगावरून दुसऱ्यावर झटकन सरकण्याची सोय) चालू केल्यावर कॉल तुटणं कमी झालं, मात्र एक जुना प्रिंटर आणि स्वस्तातले स्मार्ट बल्ब जोडलेच जाईनात. त्यांच्यासाठी गेस्ट नेटवर्क फक्त २.४ वर, डब्ल्यूपीए२ (पासवर्डची जुनी सुरक्षा पद्धत) लावून वेगळं ठेवलं.

मे महिन्यात कौलांखाली तापमान चाळिशीच्या वर जातं आणि घरगुती राउटर बहुधा ४० अंशांपर्यंतच वापरायचे असतात. माडीवर नग ठेवला तेव्हा तो दुपारी तापून अधूनमधून पुन्हा सुरू व्हायचा. कौलांजवळून खाली, गुडघ्याच्या उंचीवर आणल्यावर थांबला. समुद्र जवळ असेल तर क्लिपांच्या धातूच्या पट्ट्यांवर हिरवट थर धरतो. पावसाळ्याआधी आणि नंतर एकदा क्लिप काढून-घालून पाहणं पुरतं.

लाइट गेल्यावर फक्त डबा मिनी यूपीएसवर ठेवून चालत नाही, नगांनाही वीज लागते. अडॅप्टरवरचे व्होल्ट पाहून घ्या, १२ ला ९ चा चालणार नाही. यूपीएसच्या खोक्यावर ८००० एमएएच लिहिलेलं असतं ते ३.७ व्होल्टचं, म्हणजे सुमारे ३० वॉट-तास. घट धरून हाती २४-२५. डबा आणि एक नग मिळून १६ वॉट धरले तर दीड तास. घरात इन्व्हर्टर असेल तर त्या लाइनवरचे प्लग निवडा, मिनी यूपीएसची भानगडच नको.

इंटरनेट हळू झालं की लगेच मेशला दोष देऊ नका. लॅपटॉप केबलनं थेट डब्याला लावा. तिथेही हळू असेल तर डब्याच्या सेटिंगच्या पानावर फायबरची आवक (येणाऱ्या प्रकाशाची ताकद, डीबीएममध्ये) पाहा. उणे २५ च्या आत असेल तर ठीक, उणे २७ च्या पलीकडे गेली की लाइन तुटायच्या बेतात. पावसात खांबावरच्या जोडात पाणी शिरलं किंवा केबल घट्ट वाकली की हेच होतं. ते काम लाइनमनचं.

मेशला पैसे घालायचे नसतील तर घरातला जुना राउटरही चालतो. त्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा (डबा १९२.१६८.१.१ वर असेल तर), डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटण्याचं काम, ते डबाच करतो) बंद करा, केबल त्याच्या वॅन (बाहेरच्या इंटरनेटच्या) पोर्टमध्ये नको, लॅन (घरातल्या नेटवर्कच्या) पोर्टमध्ये घाला. नाव आणि पासवर्ड तोच, २.४ चं चॅनेल वेगळं: १, ६ किंवा ११ पैकी. नग बदलताना कॉल क्षणभर अडखळेल, बाकी फरक कमी. वीजतारांतून नेट नेणारे पॉवरलाइन अडॅप्टर मात्र जुन्या वायरिंगच्या घरात घेऊ नयेत.

अंगणापलीकडच्या खोलीला तांब्याची केबल मुळीच नेऊ नका. कोकणात वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात. बाहेरून गेलेल्या तांब्यात वीज जवळ पडली तरी विजेचा दाब उसळतो आणि दोन्ही टोकांचे पोर्ट जळतात. भिंतीतल्या प्लगचा सर्ज प्रोटेक्टर लॅन पोर्टला वाचवत नाही. तिथे एका फायबरवर चालणाऱ्या गिगाबिट मीडिया कन्व्हर्टरची (फायबर आणि लॅन केबल यांच्यात सिग्नल बदलणारी डबी) जोडी लावली. घेताना एक ए आणि एक बी असा जोड घ्यावा, दोन्ही सारखे घेतले तर दिवा लागत नाही. ड्रॉप केबलमधली (बाहेरून ओढायची फायबर केबल) पोलादी आधारतार भिंतीबाहेरच हुकाला बांधून कापावी, आत आणू नये. आणि गडगडाट सुरू झाला की अडॅप्टरही प्लगमधून काढून ठेवावेत.