तोरेमोलिनोसला राहून मालागाचं खरं जेवण कुठे जेवावं: समुद्रकिनारी, गावातल्या बारमध्ये की ट्रेनने शहरात जाऊन?

दक्षिण स्पेनमध्ये कोस्टा देल सोलच्या किनाऱ्यावर, मालागा शहराजवळच्या तोरेमोलिनोसला दोन-चार रात्री काढायच्या असतील, तर जेवणाचा पहिला निर्णय घरूनच होतो. हॉटेल फक्त नाश्त्यासह घ्यायचं की हाफ बोर्डवर, म्हणजे रात्रीच्या बुफेसह? माझं मत स्पष्ट आहे: हाफ बोर्ड नको. पैसे आधीच भरलेले असले की संध्याकाळी पावलं हॉटेलकडेच वळतात आणि बुफेत सगळ्या देशांच्या पाहुण्यांना चालेल असं, कुठल्याच गावाचं नसलेलं जेवण असतं. सहल कंपनीबरोबर जात असाल तर रात्री भारतीय जेवण बहुधा ठरलेलंच असतं. तरी वाईट वाटून घेऊ नका. स्पेनमध्ये दिवसाचं मुख्य जेवण दुपारचं, दोन ते चारच्या दरम्यानचं. ती एक दुपार तुमच्या हातात असली तरी पुष्कळ साधतं.

तोरेमोलिनोस म्हणजे उंच हॉटेलांची रांग, इंग्लिश ब्रेकफास्टच्या पाट्या आणि फोटोंचे मेनू, इथे अस्सल काय मिळणार, असं अनेकांना वाटतं. हा समज अर्धाच खरा आहे. १९५९ साली पेस एस्पादा हे आलिशान हॉटेल उघडलं त्या सुमारास इथलं पर्यटन फोफावलं. त्याआधी हे कोळ्यांचं गाव होतं. १९२४ ते १९८८ हे गाव मालागा शहराच्या नगरपालिकेतच होतं. त्यामुळे इथलं स्थानिक जेवण म्हणजे मालागाचंच जेवण. ते शोधायला तीन वाटा आहेत, आणि प्रत्येक वाट वेगळ्या माणसाला सोयीची आहे.

ला कारिवेला: मासे खाणाऱ्यांची पहिली पसंती

ला कारिवेला हा तोरेमोलिनोसचा जुना कोळीवाडा, समुद्राला लागून. आज तिथे दुकानं आणि हॉटेलं आहेत, पण मासे खाण्याची परंपरा जागेवर आहे. रविवारी दुपारी मालागाहून कुटुंबंच्या कुटुंबं इथे जेवायला येतात. आजी-आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळे एका लांब टेबलाशी बसलेले दिसतात. पर्यटक नसलेली जागा शोधण्यात वेळ घालवण्यापेक्षा ही टेबलं पाहा.

इथे मागवायचा पहिला पदार्थ एस्पेतो. वाळूवर ठेवलेल्या जुन्या होडीत वाळू भरतात, तिच्यात ऑलिव्हच्या लाकडाचा विस्तव पेटवतात आणि वेताच्या (आता बऱ्याच ठिकाणी स्टीलच्या) सळईत सहाएक सार्डिन ओवून ती सळई विस्तवाशेजारी तिरकी रोवतात. मासा ज्वाळेवर नाही, बाजूच्या धगीवर भाजला जातो. वर जाड मीठ, बाकी काही नाही. सार्डिन म्हणजे आपल्या तारलीचीच जवळची नातलग. आपण तिला मसाल्यात घोळवतो, मालागावाले मसाल्याला हातही लावत नाहीत आणि माशाच्या स्वतःच्या चरबीवर विसंबतात. म्हणूनच हंगाम महत्त्वाचा. ज्या महिन्यांच्या स्पॅनिश नावांत ‘र’ नाही ते महिने सार्डिनचे, असं तिथे म्हणतात: मे, जून, जुलै, ऑगस्ट. डिसेंबरात गेलात तर एस्पेतो मिळेल, पण मासा रोड असेल. तेव्हा दुसरं काही मागवा. एस्पेतो हातानेच खायचा असतो, आणि या किनाऱ्यावरचा तो सगळ्यात स्वस्त पदार्थांपैकी एक आहे.

दुसरा पदार्थ तळलेल्या माशांचा, पेस्काईतो फ्रितो. त्यातले बोकेरोनेस म्हणजे छोटे अँकोव्ही, आपल्या मांदेलीच्या कुळातले. नुसत्या पिठात घोळवून, शेपट्या एकत्र चिकटवून पंख्यासारखे तळतात. चांगल्या ठिकाणी ते कोरडे, कुरकुरीत येतात आणि ताटलीत तेल उरत नाही. यादीत ‘रोसादा’ नावाचा मासाही दिसेल. मालागावाल्यांना तो मनापासून आवडतो, पण तो या समुद्रातला नाही. दक्षिण गोलार्धातून गोठवून येतो. स्थानिक आवड आणि स्थानिक मासा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्हाला समुद्रातला ताजा मासा हवा असेल तर बोकेरोनेस, सार्डिन किंवा छोटी म्हाकुलं मागवा.

इथले दोष मोठे नाहीत, पण माहीत असावेत. मोठा मासा वजनावर विकतात आणि यादीत भावाऐवजी ‘सेगुन मेरकादो’ म्हणजे बाजारभावाप्रमाणे असं लिहिलेलं असतं. मागवण्याआधी किंमत विचारा, त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. पावाचे पैसेही बऱ्याचदा वेगळे लागतात. दारात फोटोंचा फलक लावून पायेया, म्हणजे कढईतला स्पॅनिश भात, विकणाऱ्या जागा टाळा. पायेया वालेन्सियाची, आणि अशा फलकावरची बहुतेक वेळा गोठवलेल्या पाकिटातली.

गावातले बार: रोजचं, साधं, स्वस्त

काये सान मिगेल हा पर्यटकांचा मुख्य रस्ता. तो ओलांडून आतल्या गल्ल्यांत शिरलं की दुपारी फळ्यावर खडूने लिहिलेला ‘मेनू देल दिया’ दिसतो: एक सुरुवातीचा पदार्थ, एक मुख्य पदार्थ, पाव, एक पेय आणि गोड किंवा कॉफी, सगळं मिळून साधारण १२ ते १६ युरोंना. हे जेवण कामावरच्या माणसांसाठी असतं, म्हणून बहुतेक ठिकाणी सोमवार ते शुक्रवार, फक्त दुपारी.

कारिवेलाशी तुलना केली तर इथे समुद्र दिसत नाही आणि मासाही तितका खास नसतो. पण घरात शिजणारे पदार्थ इथेच मिळतात: मसूर किंवा छोल्यांची दाट आमटी, थंडीत गास्पाचुएलो. गास्पाचुएलो हे माशाच्या गरम रश्श्यात मेयोनीज घोटून, बटाटे घालून केलेलं पांढरं सूप. ऐकायला विचित्र वाटतं, पण थंड वाऱ्याच्या दिवशी त्याच्याइतकं पोटाला बरं वाटणारं दुसरं काही या गावात नाही. आठवडाभर राहणाऱ्यांनी हीच वाट मुख्य ठेवावी. रोज किनाऱ्यावर जेवणं खिशालाही परवडत नाही आणि तळलेल्याचा कंटाळाही येतो.

ट्रेनने मालागा: सगळ्यात जास्त वैविध्य

तोरेमोलिनोसहून लोकल ट्रेन दर वीस मिनिटांनी सुटते आणि साधारण अर्ध्या तासात तुम्ही मालागाच्या मध्यवर्ती अलामेदा स्टेशनवर असता. तिकीट दोन-अडीच युरोंचं. एक अख्खा दिवस मोकळा असेल तर मी हीच वाट निवडेन, आणि सकाळीच निघेन.

नाश्त्याला पितुफो मागवा, म्हणजे छोटा भाजलेला पाव, वर किसलेला टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल. कॉफी दुधाच्या प्रमाणावर मागायची असते: निम्मी-निम्मी हवी तर ‘मिताद’, दुधाळ हवी तर ‘सोम्ब्रा’, जवळजवळ दूधच हवं तर ‘नुबे’. कडक चहावर वाढलेल्यांना मिताद जमते. कासा अरांदा या १९३२ पासूनच्या ठिकाणी चुरोस, म्हणजे पिठाच्या तळलेल्या कांड्या, मिळतात. मालागाचे चुरोस साधे, गोल वळवलेले आणि पीठ, पाणी, मिठाचे.

मग अतारासानास बाजार. एकोणिसाव्या शतकातली लोखंडी इमारत आणि तिला चौदाव्या शतकातल्या मुस्लिम जहाजबांधणी कारखान्याचं संगमरवरी दार. आतल्या मासळीच्या ओट्यांवर त्या हंगामात खरोखर काय येतंय ते दिसतं, आणि तेच दुपारी ताटात मागायचं. बाजार दुपारी लवकर मिटतो, रविवारी बंद. जवळच १८४० पासूनची अंतिग्वा कासा दे ग्वार्दिया आहे. पिंपातून थेट पेल्यात ओतलेली गोड मालागा वाइन उभ्यानेच प्यायची, आणि हिशेब काउंटरच्या लाकडावर खडूने मांडलेला असतो.

दुपारी ११ नंबरच्या बसने पूर्वेला एल पालो गाठा. हाही जुना कोळीवाडा, आणि माझ्या मते एस्पेतोसाठी कारिवेलाहून थोडा सरस, कारण इथे गिऱ्हाईक मुख्यतः शहरातलं आहे. इथल्या एल तिन्तेरोमध्ये वेटर तयार ताटल्या हातात घेऊन पदार्थाचं नाव पुकारत फिरतात आणि हवी ती ताटली आपण हात वर करून घ्यायची. गोंगाट प्रचंड, मुलांना फार आवडतो. पण गुडघे दुखणारे आई-वडील बरोबर असतील, तर ट्रेन, बाजार, बस आणि ऊन एवढं सगळं एका दिवसात नको; त्यांच्यासाठी कारिवेलाच बरं, फरक तितका मोठा नाही.

शाकाहारी असाल तर

इथे निवड उलटी होते. कारिवेला शाकाहाऱ्यांसाठी सगळ्यात अवघड. वांग्याचे तळलेले काप मिळतात, पण बहुतेक वेळा ज्या तेलात मासे तळले त्याच तेलात. मेनू देल दियातल्या मसूर-छोल्यांत चोरिसो (डुकराच्या मांसाचं सॉसेज) नाहीतर डुकराच्या मांसाचा तुकडा असण्याची शक्यता मोठी. भाजीच्या पदार्थावर हॅम भुरभुरणं आणि सॅलडमध्ये ट्यूना घालणं तिथे नेहमीचं, आणि ‘मांस नको’ म्हटलं तर हॅम त्यात धरत नाहीत. म्हणून तिन्ही नावं घ्या: ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन’. अंडं चालत नसेल तर ‘सिन उएवो’ही जोडा.

मालागा शहरात मात्र शाकाहाऱ्यांचं चांगलं भागतं. पितुफो आणि चुरोस झालेच. आहोब्लांको हे बदाम, लसूण, पाव आणि ऑलिव्ह तेलाचं थंड पांढरं सूप, वर द्राक्षं. उन्हाळ्यात यासाठीच मालागाला जावं. भाजलेल्या ढोबळ्या मिरच्या मिळतात. पोर्रा हे टोमॅटोचं दाट थंड सूप, फक्त वरचं हॅम आणि अंडं नको म्हणून आधी सांगायचं. आणि वांग्याचे काप उसाच्या काकवीबरोबर. ही काकवी याच प्रांतातल्या फ्रिहिलियाना गावात बनते. युरोपात उसाची काकवी करणारा तो शेवटचा कारखाना मानला जातो. मासे न तळणारं ठिकाण शोधून हे काप खा. गरम वांगं, वर काकवीची धार, आपल्या जिभेला ओळखीचं आणि तरी वेगळं.

तर कोणी काय निवडावं

एकच दुपार हातात असेल आणि मासे खात असाल, तर कारिवेला, दोन-अडीचच्या सुमारास. शाकाहारी असाल आणि एकच दिवस असेल, तर मालागा. आठवडाभर असाल तर एक रविवार कारिवेलाला, एक साधा दिवस मालागाला आणि बाकी दुपारी गावातल्या फळ्यांवर. रात्रीच्या जेवणाला किनाऱ्यावर फार अपेक्षा ठेवू नका. स्थानिक माणसं नऊच्या आधी जेवत नाहीत, आणि सात वाजता उघडी असलेली स्वयंपाकघरं पर्यटकांसाठीच चालतात. लहान मुलांना थांबवणं शक्य नसेल तर त्या वेळी गावातल्या बारमध्ये दोन-तीन तापास, म्हणजे छोट्या ताटल्या, घेऊन भागवा.

वार ठरवताना सोमवार माशांसाठी वगळा. होड्या रविवारी समुद्रात जात नाहीत, त्यामुळे सोमवारी ताजा मासा नसतो, आणि अनेक चिरिंगितो, म्हणजे वाळूवरच्या खानावळी, त्या दिवशी बंदच असतात. मालागाची फेरी सोमवारी ठेवायची झाली तर एल पालोची बस सोडा आणि बाजारानंतर आहोब्लांको नि वांग्यांवर जेवण उरका.