नाकातून घ्यावयाची स्वाइन फ्लूची लस : नेझोव्हॅक

ऑगस्ट 2009 मध्ये स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी पुण्यात घेतला. त्यानंतर नायडू रुग्णालयात तपासणीसाठी लागलेल्या रांगा, बंद ठेवलेल्या शाळा आणि मास्कसाठी उडालेली झुंबड ज्यांनी पाहिली, त्यांना लशीची किती आस होती हे वेगळे सांगायला नको. पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटची नेझोव्हॅक जुलै 2010 मध्ये बाजारात आली, तेव्हा आम्ही सहकुटुंब ती घेतली.

सुई टोचावी लागत नाही, ही तिची सर्वांत मोठी जमेची बाजू. परिचारिकेने मान किंचित मागे करायला सांगून दोन्ही नाकपुड्यांत निम्मा-निम्मा मिळून अर्धा मिलिलिटर फवारा मारला आणि धाकटी रडायच्या आत काम उरकलेही. नंतर तिचे नाक थोडे वाहिले, एवढेच.

मात्र या लशीत क्षीण केलेला जिवंत विषाणू असल्यामुळे ती गर्भवतींना व प्रतिकारशक्ती दुबळी असलेल्यांना देत नाहीत. त्यांच्यासाठी मृत विषाणूपासून बनवलेली, इंजेक्शनने द्यावयाची लसच योग्य. आम्ही गेलो त्या दवाखान्यात याविषयी साधी विचारपूसही झाली नाही, ही हयगय मला अक्षम्य वाटते.

खरी खंत उशिराची आहे. साथ ऐन भरात असताना लोक कापराच्या पुरचुंड्या हुंगत होते, कारण हाताशी दुसरे काही नव्हते. तरीही 2010 च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात साथीने पुन्हा डोके वर काढल्यामुळे लस निरुपयोगी ठरली नाही. संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, हे लक्षात घेऊनच ती घ्यावी.