हातमागाची इरकल, रोजच्या ऑफिसला

गेल्या दिवाळीत घेतलेली इरकल आता पावसाळ्यापर्यंत वापरून झाली. सणासुदीला म्हणून ठेवलेली नाही. आठवड्यातून एक-दोनदा, ऑफिसला, बसने. साडीबद्दल तक्रारी थोड्या आहेत, लोकांबद्दल जास्त.

आधी साडीचं. अंग गडद हिरवं, सुती. काठ-पदर आर्ट सिल्कचे, म्हणजे कृत्रिम रेशमाचे. अस्सल रेशमाचा पदर हवा असेल तर खिसा चांगलाच हलका करावा लागतो. काठावर गोमी नावाची नक्षी, पदर ठरलेला लाल आणि त्यात कंगव्याच्या दात्यांसारखी पांढरी नक्षी. दुकानदाराने हातमागाची म्हणून दिली. ती खरंच हातमागाची आहे का, हे पदर उलटा करून पाहिलं की कळतं. इरकलीत अंगाचा ताणा (मागावर लावलेले उभे धागे) वेगळा आणि पदराचा ताणा वेगळा असतो. विणकर दोन्हीचे धागे फास घालून एकमेकांत अडकवतो आणि मग पुढे विणतो. याला इळकलला, जिथली ही साडी, टोपी तेनी म्हणतात. हा सांधा प्रत्येक साडीला करावा लागतो, म्हणून ताणाही एकेका साडीपुरताच लावतात. उलट्या बाजूने बोट फिरवलं की सांध्याची आडवी खरखरीत रेघ हाताला लागते. मशीनच्या नकलेत एकच ताणा सलग येतो, त्यामुळे पदराच्या लालमध्ये अंगाचा रंग डोकावतो आणि लाल मळकट दिसतो. हा लालभडकपणा पाहूनच साडी घ्या, लेबल पाहून नको.

तक्रार याच सांध्याची आहे. पदर पिनअप केला की सांधा बरोबर पाठीवर येतो आणि वरून लॅपटॉपची सॅक. दोन-तीन महिन्यांत तिथले धागे पिंजारल्यासारखे दिसायला लागले. फाटलेली नाही, पण दिसतं. आता बॅग हातात धरते. बाकी अंग दर धुण्याला मऊ होत गेलं, निऱ्या पहिल्या महिन्यात फुगायच्या त्या आता आपोआप बसतात. पहिल्या दोन धुण्यांना लाल रंग बऱ्यापैकी गेला. रिठ्याच्या गार पाण्यात, पदर वेगळा धरून धुतली म्हणून अंगाला लागला नाही. खळ फार घालू नये, काठ कडक होऊन घोट्याला घासतो. उन्हाळ्यात मात्र तिला तोड नाही. लिनन-बिननचं कौतुक करणाऱ्यांनी एकदा मे महिन्यात नेसून बघावी.

आता लोकांचं. पहिल्यांदा घडी मोडली त्या दिवशी लिफ्टपासून टेबलापर्यंत तिघांनी विचारलं, "आज काही विशेष?" दुसऱ्या आठवड्यात तेच. नवरात्रात किंवा ट्रॅडिशनल डेला इरकल, खणाचा ब्लाउज आणि प्रेसची नथ घालून आलात तर कुणी काही विचारत नाही, उलट फोटो काढतात. मंगळवारी साध्या ब्लाउजवर, नथीशिवाय नेसून आलात की गोंधळ. एका वरिष्ठ बाईंनी तर "फार घरगुती दिसतेय" असं प्रेमाने सांगितलं. हेच मला खटकतं. जी साडी बायका शेतात, बाजारात, वारीत नेसत आल्या, ती आपण वेशभूषा स्पर्धेत नेऊन बसवली.

एकच माणूस वेगळं बोललं. आमच्याकडे साफसफाईला येणाऱ्या मावशी करमाळ्याकडच्या. चहाच्या वेळी त्यांनी न विचारता काठ दोन बोटांत धरला, चोळून बघितला आणि म्हणाल्या, "मागावरचं हाय. आमच्या सासूबाईचं असंच हुतं, नऊवारी. लई टिकतंय, पर धुताना जड." मग त्यांच्या सासूबाईंबद्दल पंधरा मिनिटं बोलल्या. याआधी आमचं बोलणं "पंखा लावू का" याच्या पुढे गेलेलं नव्हतं.

माझ्या आजीचीही सगळी लुगडी इरकलच. इळकल गाव आज कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात. १९५६ पर्यंत तो भाग मुंबई राज्यात होता. राज्याची हद्द नंतर आली, पंढरपूर-सांगलीच्या पेठांत ही लुगडी त्याच्या कितीतरी आधीपासून. तिचं एक काळपट जांभळं लुगडं माझ्या कपाटात आहे. मधोमध दंड घातलेला: मधलं विरलेलं कापड काढून टाकून दोन तुकडे हाताने जोडलेले, टाके इतके बारीक की निऱ्यांत दिसूच नयेत. एका टोकाला चुरगळल्यासारखी कायमची खूण आहे, तिथे ती सुटे पैसे गाठ मारून ठेवायची. इस्त्रीने ती जात नाही. नीट पाहणाऱ्याला त्या एका लुगड्यावरून घरची पैशांची स्थिती, तिचा हात आणि तिची सवय, सगळं कळेल. बहिणीला त्याचा कुर्ता शिवायचा आहे. माझी हरकत नाही. आजीने स्वतःच्या जुन्या लुगड्यांची दुपटी, पिशव्या, शेवटी पोतेरी केली होती, तिला कापडाला कात्री लावायचा संकोच नव्हता. फक्त दंडाचा भाग समोर घ्यायचा की मागे, यावर आमचं अजून भांडण चालू आहे.

माझ्या नव्या साडीवर अजून असं काही नाही. सॅकने पिंजारलेला सांधा आणि काठावर कॅन्टीनच्या सांबाराचा एक डाग, जो रिठ्याने फिका झाला पण गेला नाही.

पहिल्यांदा घेणार असाल तर फिक्या अंगाची घेऊ नका, लाल पदर धुताना जीव टांगणीला लागतो. गडद हिरवी, जांभळी किंवा काळी घ्या. पिको-फॉल करताना फॉल आधी पाण्यातून काढायला सांगा, नाहीतर तो आटतो आणि काठ गोळा होतो. खणाचा ब्लाउज लगेच शिवू नका. आधी साध्या सुती ब्लाउजवर महिनाभर नेसा, विचारणारे तोवर थकतात.