सोनेरी मोरपंखी की गोल्डक्रेस्ट?

डिसेंबर उजाडला की नाताळच्या निमित्ताने पुण्या-मुंबईच्या रोपवाटिकांमध्ये गोल्डक्रेस्टची पिवळीधमक, निमुळती रोपे मांडली जातात आणि शेजारीच बारमाही मिळणारी सोनेरी मोरपंखी उभी असते. दोन्ही सदाहरित व सूचिपर्णी असल्याने निवड बहुधा रूपावर होते. ती हवामान आणि मुळांचा स्वभाव पाहून करावी, असे माझे ठाम मत आहे.

गोल्डक्रेस्ट हा माँटेरे सायप्रसचा वाण. ही मूळ जात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरची, जिथे ऐन उन्हाळ्यातही समुद्रावरून गार धुके येते. पाला बोटांत चुरगाळला की लिंबाचा वास दरवळतो आणि घेणाऱ्याचे मन तिथेच विरघळते. परंतु दख्खनच्या पठारावरील एप्रिलचे कोरडे ऊन या झाडाला सोसत नाही. कुंडीतील माती एकदा पूर्ण वाळली, तर तपकिरी पडलेला पाला नंतर कितीही पाणी घातले तरी सावरत नाही. आम्ही चार दिवस गावी गेलो, तेवढ्यात गच्चीवरचे आमचे रोप गेले. शेंडा अजून पिवळा होता, पण खालचा पाला हात लावताच चुरा होऊन गळत होता.

मोरपंखी मूळची चीन-कोरियाकडची, कडक थंडी आणि कडक उन्हाळा दोन्ही सोसणारी. तिचा पाला उघड्या वहीच्या पानांसारखा उभा, चपटा असतो. ‘ऑरिया नाना’ हा बुटका वाण अतिशय सावकाश वाढतो, त्यामुळे छाटणी नावापुरतीच लागते. मात्र पाणी साचणे तिलाही चालत नाही. काळ्या मातीत मुरूम मिसळून उंचवट्यावर लावावी. सोनेरी रंग हरितद्रव्याच्या कमतरतेतून येतो, म्हणून दोघांनाही भरपूर उजेड हवा. सावलीत दोन्ही हिरवट पडतात. कोरड्या हवेत लालकोळी दिसल्यास पाल्यावर पाण्याचा जोरदार फवारा मारावा. कात्री नेहमी हिरव्या भागातच चालवावी, कारण जुन्या, उघड्या लाकडाला सहसा पालवी फुटत नाही.

जमिनीत कायमची लावायची असेल, तर मोरपंखीच घ्यावी. गोल्डक्रेस्ट हवेच असेल, तर हिवाळ्यापुरते कुंडीत ठेवावे आणि फेब्रुवारी सरताच दुपारच्या उन्हातून हलवावे. महाबळेश्वरची गार हवा त्याला मानवेल, पण तिथल्या पावसात मुळे कुजण्याचा धोका आहे. रोप घेताना पाला बाजूला सारून आत पाहावे: मोरपंखीचा आतला पाला उजेडाअभावी वाळणे स्वाभाविक आहे, परंतु शेंडेच तपकिरी असतील, तर ते रोप तिथेच ठेवावे.