स्पोर्टी हॅचबॅक आणि आपल्याकडचे रस्ते: इंजिनला पैकीच्या पैकी, टायरला शिव्या

डाव्या पुढच्या टायरला फुगा आला म्हणून हे लिहायला मुहूर्त लागला. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, रिमपासून दोन बोटं वर, लिंबाएवढा उंचवटा. शोरूमचं उत्तर पाठ केलेलं: "सर, हे रोड डॅमेज आहे, वॉरंटीत बसत नाही." टायरवाल्यांनीही फोटो पाहूनच हात वर केले. नियमाने त्यांचं चुकलं नाही, हे मान्य. पण गाडी विकताना टेस्ट ड्राइव्ह चौपदरी हायवेवर द्यायची आणि टायर फुटला की "तुमचे रस्ते खराब" म्हणायचं, हा हिशेब काही पटत नाही.

गाडी कोणती ते लिहीत नाही, कारण भांडण एका कंपनीशी नाही. एक लिटरच्या आसपासचं टर्बो पेट्रोल, मॅन्युअल गिअर, १९५/५५ आर १६ टायर, सस्पेन्शन पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र), मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारी दांडी). या वर्गाचा साचा साधारण हाच. ह्युंदाईची आय२० एन लाइन २०२१ साली आली ती १२० पीएस ताकद आणि १७२ एनएम टॉर्क घेऊन, टाटाची अल्ट्रोझ रेसर जून २०२४ मध्ये १२० पीएस आणि १७० एनएम घेऊन. आकडे सगळ्यांना पाठ आहेत, त्यात जात नाही.

इंजिनबद्दल तक्रार नाही. १८०० आरपीएमच्या खाली ते झोपलेलं असतं, ब्रेकरवरून दुसऱ्या गिअरमध्ये उठताना हे जाणवतं. पण तिसऱ्यात ६० ते १०० इतक्या लवकर होतं, की कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रक ओलांडायला समोरचा रस्ता अर्धाच मोकळा असला तरी पुरतो. ऑटोमॅटिक घेणाऱ्यांना एकच सांगणं: ड्राय क्लचचा डीसीटी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असेल तर बंडीच्या किंवा ट्रॅक्टरच्या मागे चालण्याच्या वेगाने रांगताना पाय ब्रेकवर अर्धवट ठेवू नका. थोडं अंतर सोडा, मग एकदम पुढे घ्या. क्लच घसरत राहिला की तापतो, आणि मे महिन्यात आधीच बाहेर ४५ अंश असतात.

आता राइडबद्दल. पहिले काही महिने कुणी विचारलं असतं तर सरळ "घेऊ नका" असंच उत्तर होतं. चाळीसच्या खाली ही गाडी प्रत्येक गिट्टीचा दगड मोजून दाखवते. खड्डा लहान असला तरी कडा धारदार असेल तर धक्का थेट पाठीत. मागच्या सीटवर तर बोलायचीच सोय नाही. घरातली म्हातारी माणसं ब्रेकरच्या आधीच समोरच्या सीटला धरून बसतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच, ताशी २५ किमीने आरामात ओलांडता यावा असा. आपल्या गावांत ब्रेकर हात रुंद आणि गुडघ्याच्या खाली थोडा, पोरांनी रात्रीतून केलेला. त्यावर कुठलंच सस्पेन्शन शहाणं ठरत नाही.

पावसाळ्यानंतर मात्र मत बरंच बदललं. आपल्याकडची, विदर्भातली काळी माती पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावर टाकलेला डांबरी रस्ता दोन-तीन वर्षांत लाटांसारखा होतो. खड्डा नाही, पण साठ-सत्तरला गाडी वर उचलली जाते आणि खाली बसते. मऊ सस्पेन्शनची गाडी इथे एका लाटेतून सावरायच्या आत दुसरीत शिरते, आणि मागे तीन माणसं आणि डिक्कीत दोन पोती असतील तर बंप स्टॉपवर, म्हणजे सस्पेन्शनच्या शेवटच्या रबरी अडथळ्यावर, आपटते. या गाडीचा शॉकअप (शॉक ॲब्सॉर्बर) एका झटक्यात उसळी मारून टाकतो. लाट गेली, विषय संपला. कारण सोपं आहे: लाटेवर शॉकअपचा पिस्टन हळू सरकतो, धारदार खड्ड्यावर फार वेगाने. स्पोर्टी गाड्यांचा शॉकअप पहिल्या कामात तरबेज असतो. दुसऱ्या कामाचा बराचसा भार टायरच्या साइडवॉलने उचलायचा असतो, आणि नेमकी तीच इथे आखूड.

दुसरा फायदा कुणी सांगत नाही. कडक स्प्रिंगची गाडी भरल्यावर कमी बसते. कागदावर १६५ किंवा १७० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स असला तरी तो रिकाम्या गाडीचा. पाच माणसांनी मऊ गाडी जास्त खाली जाते आणि त्याच ब्रेकरला घासते. त्यामुळे "खाली लागते" म्हणून ॲक्सेसरीच्या दुकानातून स्प्रिंगमध्ये रबरचे बफर घालू नका. स्प्रिंग आणखी कडक होते, शॉकअप त्या हिशेबाने बनलेला नसतो, आणि मागचा भाग उड्या मारायला लागतो.

म्हणजे खरी भानगड टायरची. १९५/५५ चा अर्थ रुंदी १९५ मिमी आणि साइडवॉलची उंची तिच्या ५५ टक्के, म्हणजे १०७ मिमी. त्याच गाडीच्या खालच्या व्हेरियंटला बहुतेक १८५/६५ आर १५ येतो, त्याची साइडवॉल १२० मिमी. तेरा मिलिमीटरचा फरक, पण खड्ड्याच्या कडेवर टायर चेपला जाताना रिम वाचते की नाही ते याच तेरा मिलिमीटरवर ठरतं. आणि गंमत बघा, दोन्ही टायरचा एकूण व्यास जवळपास सारखाच: ६२१ मिमी. स्पीडोमीटर फसत नाही, गिअरिंग बदलत नाही. म्हणजे शोरूममध्ये सोळा इंची अलॉयचे जादा पैसे मोजून आपण एक बोटभर रबर कमी विकत घेतो.

फुगा कसा येतो तेही समजून घ्या. रेडियल टायरच्या साइडवॉलमध्ये दोऱ्यांचा थर असतो. खड्ड्याची कडा आणि रिम यांच्यात साइडवॉल चिमटली की दोरे तुटतात, वरचं रबर शाबूत राहतं आणि आतली हवा ते त्या जागी बाहेर ढकलते. याला पॅच नाही, व्हल्कनायझिंग नाही. मात्र साइडवॉलवर आतल्या बाजूला गेलेली उभी रेघ दिसली तर घाबरू नका, तो दोऱ्यांच्या थराचा सांधा असतो. बाहेर आलेलं वाईट, आत गेलेलं चालतं. फुग्याचा टायर घेऊन समृद्धी महामार्गावर तर चढूच नका: १२० ची मर्यादा, तापलेलं काँक्रीट, आणि तासन् तास एकसारखा वेग.

बहुतेक वेळा डावंच चाक का मरतं, याचा हिशेब गावच्या रस्त्यात आहे. एकपदरी ग्रामीण रस्त्याचं डांबर ३.७५ मीटर. आपली गाडी साधारण पावणेदोन मीटर, समोरून येणारी एसटी अडीच मीटर. बेरीज रस्त्यापेक्षा मोठी. एसटी खाली उतरत नाही, आपणच उतरतो. साइडपट्टीचा मुरूम पावसात वाहून गेलेला असतो आणि डांबराची कडा वीतभर उघडी. उतरताना टायर वाचतो, चढताना मरतो. चालत्या वेगात स्टिअरिंग थोडंसं उजवीकडे दिलं की टायर कडेला समांतर घासत चढतो आणि सगळी झळ साइडवॉलला लागते. त्यापेक्षा वेग वीसच्या खाली आणा, कडेपासून थोडं डावीकडे सरका, मग स्टिअरिंग नीट वळवून तिरपं चढा, म्हणजे ट्रेड (टायरचा रस्त्याला टेकणारा भाग) आधी वर जातो. मागून हॉर्न वाजतील, वाजू द्या.

शेतात गाडी नेत असाल तर पऱ्हाटी (कापसाची झाडं) काढल्यानंतरचे खुंट आणि धुऱ्यावरचे (बांधावरचे) बाभळीचे काटे यांच्यापासून सांभाळा. ट्रेडमधलं पंक्चर पंधरा मिनिटांत निघतं, साइडवॉलमधलं निघत नाही. आणि हंगामात रस्त्यावर वाळायला टाकलेल्या सोयाबीनवरून किंवा तुरीवरून गेलात, तर पुढे थांबून खाली वाकून बघा. काड सायलेन्सरच्या पाइपला अडकून राहिलं तर पेटू शकतं, आणि टर्बो गाडीचा पुढचा भाग जास्तच तापतो.

हवेबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण निम्मी राइड तिथेच आहे. नवीन गाडी ट्रेलरवरून येते तेव्हा टायरमध्ये मुद्दाम जास्त हवा असते, आणि डिलिव्हरीच्या गडबडीत ती कुणी उतरवेलच असं नाही. पेट्रोलपंपावर विचारलं तर "पस्तीस-छत्तीस मारू ना भाऊ?" हाच दर सगळ्या गाड्यांना. आमच्याकडच्या मिस्त्रीने खड्ड्याच्या तक्रारीवर बोनेटही उघडलं नाही. म्हणाला, "शॉकअपले काही नाही झालं, हवा पाहा पयले." पाहिली तर अडतीस. दाराच्या खांबावरचं स्टिकर तेहतीस सांगत होतं. पाच पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) उतरवल्यावर गाडी मखमली झाली नाही, पण दात वाजणं थांबलं.

कृती अशी. स्वतःचा गेज घ्या, पंपापंपावरचे गेज दोन-चार पीएसआयने वेगळे बोलतात. हवा सकाळी, गाडी चालवायच्या आधी बघा. तापमान दहा अंशांनी बदललं की दाब साधारण दीड पीएसआयने बदलतो. मे महिन्यातल्या दुपारी ४५ अंशांत स्टिकरप्रमाणे भरलेली हवा डिसेंबरच्या दहा अंशांतल्या पहाटे पाच पीएसआयने कमी भरते, टायर जरासुद्धा गळत नसला तरी. दुपारी तापलेल्या टायरमधून "जास्त दिसते" म्हणून हवा सोडायची नाही. आणि आराम वाढतो म्हणून स्टिकरच्या खालीही जायचं नाही. हा मोह सगळ्यांना होतो, पण ५५ च्या टायरमध्ये हवा कमी म्हणजे साइडवॉल आणखी लवकर चिमटणार, फुगा ठरलेला. माणसं भरून जायचं असेल तर स्टिकरवरचा पूर्ण भाराचा आकडा वापरा, तो बहुतेक मागच्या चाकांना जास्त असतो. स्टेपनीत दोन-तीन पीएसआय जास्त ठेवा, तिच्याकडे महिनोन् महिने कुणी बघत नाही. स्टेपनी लहान साइजची असेल तर तिच्यावरचं ८० चं स्टिकर शोभेचं नाही.

बदलायचाच तर कोणता? पंधरा इंचावर उतरणं सगळ्यात शहाणपणाचं, पण दोन अटी. एक, त्याच मॉडेलच्या एखाद्या व्हेरियंटला कंपनीकडून ती साइज येत असली पाहिजे, नाहीतर विम्याच्या क्लेमच्या वेळी वाद. दोन, स्पोर्टी व्हेरियंटची पुढची ब्रेक डिस्क मोठी असेल तर कॅलिपर (डिस्कला पकडणारा ब्रेकचा भाग) पंधरा इंची रिमला घासतो. म्हणून रिम विकत घेण्याआधी बसवून, चाक हाताने फिरवून बघा. जुन्या टायरवर ८७ व्ही असेल तर ८७ म्हणजे ५४५ किलो भार. नवा त्याच्या खाली नको. व्ही म्हणजे २४० चा वेग, पंधरा इंचीत ८८ एच मिळतो, म्हणजे ५६० किलो आणि २१०. आपल्या समृद्धीला तो भरपूर. सोळा इंचीवरच राहायचं असेल तर २०५/५५ ने साडेपाच मिलिमीटर साइडवॉल वाढते आणि व्यास पावणेदोन टक्के. फायदा कमी, खर्च जास्त. सोळा इंची एक टायर सात ते नऊ हजार, आणि बदलायचे तर एका ॲक्सलचे दोन्ही. त्यात हिशेब करा.

घेताना साइडवॉलवरचे चार आकडे वाचा: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. तालुक्याच्या दुकानात ही साइज कमी खपते, त्यामुळे माल पडून असतो. दोन वर्षांपूर्वीचा टायर "नवीनच आहे" म्हणून गळ्यात मारायचा प्रयत्न होणारच.

मारुतीच्या साध्या गाडीतून इकडे येणाऱ्यांना आणखी एक गोष्ट खटकेल, ती आवाजाची. समृद्धीच्या काँक्रीटवर टायरचा घुमणारा आवाज रेडिओ झाकून टाकतो. अमरावती ते अकोला हा २०२२ च्या जूनमध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबर टाकून विक्रम केलेला पट्टा, तिथे हीच गाडी गप्प होते आणि शंभरला रेलून बसल्यासारखी जाते. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना तर सगळ्या शिव्या माफ. वळणात अंग टाकत नाही, तिसऱ्या गिअरमधून उतरावं लागत नाही.

शेवटी खडखड. पुढून लहान खड्ड्यांवर वीस-तीसच्या वेगात खट्-खट् आवाज यायला लागला की सर्व्हिसवाले थेट शॉकअपची जोडी सांगतात. आधी लिंक रॉड तपासा, म्हणजे स्ट्रट आणि स्टॅबिलायझर (वळणात गाडी झुकू न देणारा बार) यांना जोडणारी दांडी. गाडी जमिनीवर उभी असताना चाकाच्या मागे हात घालून लिंक रॉड जोरात हलवा, बॉल जॉइंट ढिला असेल तर हाताला टिचकी जाणवते. खात्री नसेल तर दोन्ही बाजूंचे लिंक रॉड काढून, स्टॅबिलायझर तारेने वर बांधून, गल्लीतच वीसच्या वेगात एक फेरी मारा. आवाज गेला तर दोष तिथेच. या अवस्थेत हायवेवर जायचं नाही, गाडी वळणात झुकते. आवाज राहिला तर स्ट्रट माउंट (स्ट्रट वर बॉडीला जिथे बसतो तो भाग) आणि त्याखालचं बेअरिंग; उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग टण्णकन सुटल्यासारखी वाटली तर बेअरिंगच. शॉकअपवर तेल ओघळलेलं दिसत असेल तरच तो बदला. नुसती ओलसर धूळ म्हणजे गळती नव्हे. लिंक रॉड जोडीने बदला, नट टॉर्क रेंचने आवळायला सांगा, आणि जुने पार्ट बिलासोबत मागून घ्या. मागितले की बिलावरचे दोन-तीन आयटम आपोआप गळतात.