चार बिऱ्हाडांचा हिशेब : फी वसूल, उत्साह निम्म्यावर

बेळगावात अनगोळला आमचा तीस बाय चाळीस फुटांचा वडिलोपार्जित प्लॉट रिकामाच पडून आहे. उद्यमबागची औद्योगिक वसाहत हाकेच्या अंतरावर, त्यामुळे फौंड्रीतली, मशिनशॉपमधली पोरं आणि जीआयटी या इंजिनिअरिंग कॉलेजचे विद्यार्थी खोल्या शोधत फिरतच असतात. खाली दोन, वर दोन अशी चार बिऱ्हाडं बांधायचं घरात ठरल्यातच जमा होतं. मेहुण्याच्या आग्रहाने गवंड्याच्या आधी टिळकवाडीतल्या एका इंजिनिअरकडे गेलो. हा माणूस प्लॅन काढण्याआधी भाड्याचा हिशेब करून देतो. फी 3,000 रुपये.

जागेवर येऊन त्याने टेप लावला, आजूबाजूची भाडी स्वतः विचारली आणि तीन पानं हातात दिली. तीही मराठीत. खात्यापासून (म्हणजे मिळकतीच्या नोंदीपासून) परवानगीपर्यंत सगळे कागद कन्नडमध्ये असताना हे तेवढं आईलाही वाचता आलं.

चार बिऱ्हाडांचं बांधकाम साधारण 1,900 चौरस फूट, खर्च 38 लाख. आमच्याकडे 13 लाख, म्हणजे 25 लाखांचं कर्ज. 9 टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता महिना 22,500 च्या आसपास. एका बिऱ्हाडाचं भाडं 7,500 धरलं आणि वर्षातला एक महिना रिकामा. घरपट्टी, मोटर, रंग, पावसाने ओल धरणारी पश्चिमेची भिंत, असे 45,000 वजा केले की वर्षाला 2 लाख 85 हजार उरतात. त्यातून हप्ते भरल्यावर हातात जेमतेम 15,000. दोन बिऱ्हाडं तीन महिने रिकामी राहिली तर पदरचे घालायचे.

दुसऱ्या पानावर फक्त खालची दोन बिऱ्हाडं, पाया मात्र वरच्या मजल्याचा. खर्च 21 लाख, कर्ज 8 लाख. खर्चाच्या टक्क्यात बघितलं तर वर्षाची मिळकत कमी, साडेसातऐवजी पावणेसात. पण हप्ता 7,200 च, म्हणून वर्षाला 53,000 च्या वर हातात राहतात. मला हे पान तीनदा वाचावं लागलं. आमच्या हिला एकदाच.

भांडण झालं ते जागेवरून. त्याने प्लॉटचे 30 लाखही खर्चात धरले. म्हटलं, जागा आमचीच की. तो म्हणाला, "मग उद्या विकलासा तर फुकट देणार काय?" जागा धरली की चार बिऱ्हाडांची मिळकत सव्वाचार टक्क्यांच्या खाली येते, बँकेतल्या ठेवीपेक्षाही कमी. हे सांगून स्वतःचंच मोठं काम घालवणारा इंजिनिअर मी तरी पहिल्यांदाच बघितला.

मीटरचा सल्लाही कामाचा. प्रत्येक बिऱ्हाडाला हेस्कॉमचं, म्हणजे इथल्या वीज कंपनीचं, वेगळं मीटर घ्याच, म्हणाला. कर्नाटकात 2023 पासून सरकारच्या गृहज्योती योजनेत सरासरी वापराच्या हिशेबाने, महिना जास्तीत जास्त 200 युनिटपर्यंत वीज मोफत आहे आणि ती भाडेकरूलाही मिळते. एकाच मीटरवर चार घरं टाकली तर 200 ओलांडणारच, मग पूर्ण बिल. मीटर वेगळं असलेली खोली लवकर जाते, हे आमच्या गल्लीत दिसतंच.

कराबद्दल मात्र एकच ओळ: घरपट्टी वजा जाता भाड्यावर 30 टक्के वजावट मिळते, शिवाय कर्जाचं व्याजही वजा होतं. बाकीचं सीएला विचारा. एवढी फी घेऊन निदान एक उदाहरण तरी द्यायला हवं होतं. वीस वर्षांत भाडं किती वाढेल, जागेचा भाव किती चढेल, हेही त्याने धरलं नाही; माझ्या मते त्यामुळे चित्र गरजेपेक्षा काळं दिसतं. कागदही सांगितल्या दिवसानंतर बऱ्याच उशिरा मिळाले.

आम्ही दोनच बांधतोय. वरच्या मजल्यासाठी सळ्या बाहेर ठेवणार आणि जिना आत्ताच बाहेरून काढून घेणार. प्लॅन त्याच्याकडूनच केलात तर 3,000 वळते होतात, पण हे तो आपणहून सांगत नाही. आधीच विचारून घ्या.