मोफत तपासणी आणि कोएन्झाइम क्यू10 चे डबे

ज्यांच्या घरी हृदयविकाराचे ज्येष्ठ रुग्ण आहेत, त्यांनी हे लक्षपूर्वक वाचावे. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये ‘मोफत संपूर्ण शरीर तपासणी’चे शिबिर भरले आणि त्यातून माझ्या वडिलांच्या गळ्यात कोएन्झाइम क्यू10 च्या कॅप्सूलचे डबे मारण्यात आले. पैसे गेले ते गेलेच. पण अँजिओप्लास्टीनंतर रोज घ्यावयाची कोलेस्टेरॉलची गोळीही त्यांनी विक्री प्रतिनिधीच्या सांगण्यावरून परस्पर बंद केली.

या प्रकारातील मेख अशी, की प्रतिनिधीने सांगितलेले बरेचसे खरे होते. 1957 साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात फ्रेडरिक क्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुरांच्या हृदयातील तंतुकणिकांमधून (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या सूक्ष्म भागांमधून, म्हणजे मायटोकाँड्रियांमधून) हा पदार्थ वेगळा केला आणि पुढच्याच वर्षी कार्ल फोकर्स यांच्या गटाने त्याची रासायनिक रचना निश्चित केली. अन्नापासून पेशीला वापरता येईल अशी ऊर्जा तयार होताना तंतुकणिकांच्या आतल्या पटलात इलेक्ट्रॉनांची ने-आण करण्याचे काम हा सहविकर (कोएन्झाइम) करतो, आणि हृदयाला विश्रांती ठाऊकच नसल्याने तिथे त्याचे प्रमाण जास्त असते. आपले शरीर तो स्वतःच तयार करते. थोडाफार शेंगदाणे, सोयाबीन तेल, मासळी आणि मटणातूनही मिळतो. स्टॅटिन गटातील गोळ्या कोलेस्टेरॉल तयार होण्याची जी वाट अडवतात, त्याच वाटेने पुढे क्यू10 ही तयार होत असल्यामुळे या गोळ्या घेणाऱ्यांच्या रक्तात तो घटतो, हेही खरे. वडिलांच्या पोटऱ्या दुखत होत्याच. त्यामुळे ‘काका, ही गोळीच तुमचे स्नायू खाते आहे, आमचे औषध सुरू करा आणि ती थांबवा’ हे पुढचे वाक्य सहज पचले.

स्टॅटिनमुळे होणाऱ्या स्नायुदुखीवर क्यू10 देऊन केलेल्या चाचण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, आणि काही रुग्णांना आराम पडला असे धरले तरी क्यू10 ही स्टॅटिनची जागा घेणारी वस्तू नव्हे, हे मात्र कोणी सांगितले नाही. हृदय कमकुवत झालेल्या 420 रुग्णांवरील क्यू-सिम्बिओ ही 2014 मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी त्या प्रतिनिधीला तोंडपाठ होती. तीत रोज 300 मिलिग्रॅम क्यू10 घेणाऱ्यांची प्रकृती दोन वर्षांत तुलनेने बरी राहिली. पण त्या रुग्णांची नेहमीची औषधे चालूच होती, हा तपशील प्रतिनिधीने गाळला. त्याच वर्षी पार्किन्सनच्या, म्हणजे कंपवाताच्या, रुग्णांवरील मोठ्या चाचणीत 1200 आणि 2400 मिलिग्रॅम मात्रा देऊनही लाभ दिसला नव्हता, तरी त्यांच्या पत्रकात कंपवाताचे नाव ठळक होते. ‘दुष्परिणाम शून्य’ हेही तिथेच छापलेले होते. क्यू10 ची रचना के जीवनसत्त्वाशी मिळतीजुळती आहे आणि रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून वॉरफरिन घेणाऱ्यांमध्ये त्यामुळे त्या गोळीचा प्रभाव कमी झाल्याच्या नोंदी आहेत. हृदयाची झडप बदललेल्या माणसाला हा शून्य किती महागात पडेल, याचा विचारही करवत नाही.

आता ते यंत्र. धातूची एक दांडी मुठीत धरायची, तिची वायर लॅपटॉपला जोडलेली, आणि मिनिटभरात कित्येक पानांचा अहवाल, ज्यात क्यू10 समोर दशांश चिन्हापुढे तीन अंकांपर्यंतचा आकडा आणि लाल बाण. रक्तातील क्यू10 मोजण्यासाठी रक्त काढून प्रयोगशाळेत क्रोमॅटोग्राफी करावी लागते. तळहाताला दांडी लावून तो कळत नाही. पुढे शेजारच्या वसाहतीत तेच शिबिर भरले तेव्हा मी आईला घेऊन गेलो. तिचे नाव, वय, वजन भरून झाले आणि यंत्र चालवणारा मुलगा मोबाइलमध्ये गुंतलेला असताना दांडी मीच धरली. माझ्या गर्भाशयाची स्थिती समाधानकारक असल्याचे त्या यंत्राने छापून दिले.

डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘कोएन्झाइम क्यू10 कॉम्प्लेक्स 300 मिलिग्रॅम’ असे होते. मागच्या बाजूला, भिंग घेऊन वाचावे लागेल अशा टाइपात, 300 मिलिग्रॅम हे संपूर्ण मिश्रणाचे वजन असून त्यात क्यू10 फक्त 10 मिलिग्रॅम, बाकी आवळ्याची पूड आणि माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली भरणाची पूड), असा तपशील निघाला. शुद्ध क्यू10 ची भुकटी नारिंगी-पिवळी असते. मी पांढऱ्या बशीत कॅप्सूल उघडली तेव्हा मळकट खाकी पूड पडली आणि आवळ्याचा तुरट वास आला. ‘औषधी वापरासाठी नाही’ ही आरोग्यपूरक पदार्थांवर बंधनकारक असलेली ओळही त्याच डब्यावर इंग्रजीत होती, म्हणजे ज्याला ते औषध म्हणत होते त्याला त्यांचाच डबा औषध मानत नव्हता. अशा एका डब्याचे 3,900 रुपये घेतले होते.

सर्वांत पक्का डाव कागदावर होता. सवलतीसाठी म्हणून वडिलांची सही घेतलेला ‘सभासद अर्ज’ प्रत्यक्षात वितरक होण्याचा करार होता. पैसे परत मागितल्यावर कंपनीने कळवले की तुम्ही ग्राहक नसून विक्रेते आहात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पुनर्विक्रीसाठी माल घेणारा ग्राहक ठरत नाही, हे त्यांना नेमके ठाऊक होते. वडिलांनी एकही डबा कोणाला विकलेला नाही, उघडलेल्या कॅप्सूल त्यांच्याच पोटात गेल्या, हे दाखवण्याची जबाबदारी आता आमच्यावर आली आहे. थेट विक्रीसाठी 2021 पासून वेगळे नियम आहेत आणि करार ठरावीक मुदतीत दंडाशिवाय मोडण्याची सोय त्यांत आहे, पण अर्जाची प्रतच हातात नसेल तर ती मुदत कधी सरली ते कळतही नाही.

रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत 70 च्या आत असणारे एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) 140 च्या वर गेलेले दिसले आणि प्रकार उघड झाला. हृदयरोगतज्ज्ञांनी स्टॅटिन बदलून कमी मात्रेत सुरू केली, त्यानंतर पोटऱ्यांचे दुखणेही ओसरले. क्यू10 ला त्यांचा विरोध नाही. घ्यायचाच असेल तर चालू औषधांची यादी दाखवून, जेवणासोबत घ्या, कारण तो स्निग्ध पदार्थात विरघळतो, एवढेच त्यांनी सांगितले.

डब्यावरील बॅच क्रमांक आणि 14 अंकी परवाना क्रमांकासह आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार दिली आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगातही जात आहोत. 5 लाख रुपयांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही. ज्यांच्याकडे असे डबे आले असतील त्यांनी रिकामा डबा, पावती, यंत्राचा अहवाल आणि सही केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत जपून ठेवावी व 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. आयोगाकडे जाण्याची मुदत दोन वर्षांची आहे.